केळं खोटं बोलत नाही

अभिमन नानांना गाडी बदलायची होती, आणि का म्हणून विचारलं तर ते कंबर सांगायचे. कंबर त्यांची ठणठणीत होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा माणूस केळीचा घड खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचा आणि वरून खालच्या मजुरांचा उद्धार करायचा. पण कारण म्हणून कंबर बरी पडते. कंबर दुखते म्हटलं की गावात पुढं कोणी खोदून विचारत नाही, उलट आपली सांगत बसतं.

नाना रावेरजवळच्या खेड्यात केळी भरणाऱ्या टोळीचे मुकादम. बागेतून आलेला घड ट्रकमध्ये कसा निजवायचा, खाली वाळलेली पानं किती टाकायची, कोणाच्या शेजारी कोणाला ठेवायचं, हे सगळं नाना ठरवणार. केळ्याचा स्वभाव त्यांना पाठ होता. केळ्याला मार लागला तरी ते लगेच दाखवत नाही. हिरवं आहे तोवर अगदी साळसूद. पिकायला लागलं की तिसऱ्या दिवशी सालीवर काळं उमटतं, आणि मग नाना त्यावर बोट ठेवून सांगणार, हा स्पीडब्रेकरचा, हा भरताना आपटल्याचा, आणि हा ड्रायव्हर डुलक्या घेत होता त्याचा. ड्रायव्हर मान खाली घालून ऐकायचे, कारण बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

तर गाडी बदलायची ती कंबरेसाठी नव्हती. भागाबाईसाठी होती.

भागाबाई म्हणजे नानांची बायको. धुळ्याकडची, पिंपळनेरची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा घरात सासू, सासरे, दोन दीर, एक आतेसासू आणि पायात येणारी सहा पोरं. असल्या घरात नवऱ्याशी बोलायचं कधी, तुम्हीच सांगा! सासऱ्यांपुढं बोलायचं नाही, सासूपुढं हसायचं नाही. नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे मीठ बरोबर आहे का, आणि उत्तर म्हणजे हूं. मग नानांनी मोटारसायकल घेतली आणि दर आठवड्याला दोघं बाजाराला जायला लागले. गावाची वेस मागं पडली की भागाबाई पदर सैल करायची, नानांच्या उजव्या कानाशी तोंड आणायची आणि सुरू व्हायची. पोराचं नाव प्रेमराज ठेवायचं हे गाडीवर ठरलं. थोरल्या भावाशी वाटणीवरून भांडायचं नाही हेही गाडीवरच ठरलं. नानांची आई गेली तेव्हा नाना घरात रडले नाहीत, बाजाराच्या रस्त्यावर रडले, पाठीमागून तिचा हात खांद्यावर होता तेव्हा. घरात त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नाही, 'ऐकलं का' एवढ्यावर चौतीस वर्षं काढली. गाडीवर मात्र ती भागा होती.

पुढं म्हातारी माणसं गेली, भाऊ वेगळे झाले, प्रेमराज नोकरीला पुण्याला गेला. घर मोकळं पडलं. आता घरात बसून पोटभर बोलायला कोणाची आडकाठी होती? कोणाचीच नाही. पण सवय लागली नव्हती ती नाहीच लागली. घरात दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखी वागायची.

आणि गेल्या दसऱ्यापासून भागाबाईनं गाडीवर बसणं सोडलं होतं.

दसऱ्याच्या बाजारात काय झालं ते नाना चहाच्या टपरीवर अजून रंगवून सांगायचे. भागाबाई मागं बसली असं समजून त्यांनी गाडी काढली आणि पेट्रोल पंपापर्यंत, म्हणजे चांगला अर्धा किलोमीटर, ते भरिताच्या वांग्यांविषयी बोलत गेले. मागून हूं नाही की चूं नाही. नानांना वाटलं, आज बाईला आपलं पटतंय. पंपावर 'उतर' म्हणाले आणि वळून बघतात तर सीट रिकामी! परत गेले तेव्हा भागाबाई आपट्याच्या पानांच्या ढिगाशेजारी उभी. "बसाले एवढा येळ लागते का?" असं नाना तिला म्हणाले, आणि हे वाक्य आलं की टपरी खो खो हसायची. रुपचंद नावाचा नानांचा जुना दोस्त तर हसताना गुडघ्यावर थापा मारायचा, आणि ऐकून झालं की परत सांगायला लावायचा.

त्यानंतरच्या बाजाराला भागाबाई रिक्षानं गेली. गाडीचं विचारलं तर म्हणाली, मला रिक्षा बरी. पुढच्या बाजाराला तेच. नाना गाडीवर एकटे, ती रिक्षात बायकांबरोबर, आणि आपसात बोलणं नसल्यामुळं दोघंही गवार घेऊन घरी यायची. तो हिवाळाभर त्या घरानं फार गवार खाल्ली.

मग वैशाखात वरणगावला भागाबाईच्या बहिणीच्या मुलीचं, पुनमचं लग्न ठरलं. भागाबाईनं पत्रिका देवापुढं ठेवली आणि सांगून टाकलं, मी एस.टी.नं जाईन, तुम्ही तुमच्या गाडीवर या. नानांनी हिशोब केला. जाताना पन्नास किलोमीटर, येताना पन्नास. शंभर किलोमीटरचं बोलणं असं एस.टी.त बसून जाणार? त्यांना खरोखर वाईट वाटलं. आपल्याला ही बाई परत मागं बसलेली पाहिजे, लग्नाच्या आधी पाहिजे, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. तिला विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. बसत का नाही हे विचारायला ती गाडीवर हवी होती, आणि गाडीवर तर ती बसत नव्हती!

मग त्यांनी मुकादमाच्या डोक्यानं विचार केला. जुन्या गाडीचे मागचे शॉकअप गेलेले. तिच्या मागच्या सीटवर बांधून नेलेली केळ्यांची फणी कधी धड पोचत नाही. बायको म्हटली तरी हाडामांसाचं माणूस, तिला गचके लागत असणार. तेव्हा उपाय एकच, जी गाडी केळ्याला लागू देत नाही ती घ्यायची.

जळगावच्या शोरूममध्ये योगेंद्र नावाचा विक्रेता होता, टाय लावलेला, गोड बोलणारा. नाना पिशवीतून पिकायला आलेली केळ्याची फणी घेऊन आत आले तेव्हा त्याला वाटलं, काका प्रसाद घेऊन आलेत. त्यानं दोन्ही हात पुढं केले. नानांनी फणी मागं ओढली आणि सांगितलं की ही खायला नाही, ही गाडीवर बसणार आहे. चालवायला दिलेली पहिली गाडी लाल होती, तिच्या मागच्या सीटवर त्यांनी फणी सुतळीनं बांधली आणि शहराबाहेर जिथं खड्ड्यांना तोटा नाही अशा रस्त्यानं चार किलोमीटर जाऊन आले. मायलेज विचारलं नाही, रंग विचारला नाही. परत येऊन फणी सोडली, तिला लाल चिंधी बांधली आणि म्हणाले, तीन दिवसांनी येतो.

दुसऱ्या खेपेला योगेंद्रनं शहाणपण केलं. म्हणाला, काका, त्यापेक्षा मीच मागं बसतो आणि तुम्हाला खरं काय ते सांगतो.

"तुमाले लागलं तरी तुमी गाडी चांगलीच सांगसान," नाना म्हणाले. "केळं खोटं बोलत नाही."

तीन आठवडे हे चाललं. लाल गाडी, मग काळी, मग करडी, मग निळी. एक-एक गाडी दोन-दोन वेळा, कारण एका फणीवर निकाल द्यायला नाना काही कच्चे नव्हते. घरी ओसरीवर खिळ्यांना फण्या टांगलेल्या, प्रत्येकीला रंगाची चिंधी. नाना सकाळी उठून चूळ भरायच्या आधी चष्मा लावून डाग मोजायचे. मोजून झालेल्या फण्यांचं शिकरण व्हायचं. भागाबाई बिनबोभाट करायची आणि वाढायची. शेजारच्या घरांनाही जायचं. शेवटी शेवटी शेजारी तिची वाटी दिसली की आतून कडी लावून घ्यायचे.

टपरीवर रुपचंदनं फाटा फोडला. भागावहिनी काय फणीएवढ्या आहेत का रे, वजन नको का धरायला? नानांना पटलं. त्यांनी डोळे मिटून मुकादमासारखा अंदाज घेतला आणि चार माणसांत सांगितलं, "दोन घड, न् वर दोन फण्या." पुढच्या खेपेपासून तेवढा माल पोत्यात घालून सीटवर बांधला जायला लागला. इकडे संध्याकाळपर्यंत हे वजन रुपचंदच्या बायकोमार्फत भागाबाईपर्यंत पोचलं. दोन दिवस नानांना सकाळ-संध्याकाळ नुसतं शिकरण मिळालं.

निकाल अगदी स्वच्छ लागला. लाल गाडीवरची केळी जांभळासारखी पडली होती. काळी आणि करडी मधल्या. निळ्या गाडीवरच्या दोन घडांना आणि फण्यांना मिळून एक ठिपका नाही! नानांनी एक-एक केळं फिरवून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. फोन करून त्यांनी योगेंद्रला सांगितलं की रविवारी गाडी घेऊन गावात या, घरच्यांना दाखवायची आहे, मग लगेच पक्कं करू.

रविवारी निळी गाडी दारात उभी राहिली. रुपचंद आला, शेजारी आले, शिकरणाला कंटाळलेले सगळेच आले. भागाबाईनं ताट आणलं, गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. तिचा चेहरा बघून नानांना वाटलं, जमलं. मग ते गाडीवर बसले, छाती काढली आणि मागच्या सीटवर हात आपटून तिला 'बस' म्हणाले.

मागची सीट भागाबाईच्या छातीला लागत होती. पुढून मागं चढ होता तो वेगळाच. भागाबाईनं गाडीची डावी बाजू पाहिली, उजवी बाजू पाहिली.

"पाय कोठे ठेऊ?" ती म्हणाली.

योगेंद्रनं समजावलं की काकू, या मॉडेलवर दोन्हीकडं पाय टाकून बसायचं असतं. पंचावन्न वर्षांची बाई, अंगावर ठेवणीतली साडी, अंगणात सगळं गाव. त्याच्याही लगेच लक्षात आलं, आणि तो कोणाकडून तरी प्लॅस्टिकचं स्टूल मागून घेऊन आला. नाना तिकडं गाडीचे गुण गात होते. दोन घड, वर दोन फण्या, आणि एक ठिपका नाही, विचारा कोणालाही.

भागाबाई रागावली की पिंपळनेरचं बोलायची. आवाज चढवायची नाही.

"तीन हप्ता तुम्हीन केळासले इचारं," ती म्हणाली. "माले एक डाव तरी इचारं का?"

आणि ताट घेऊन आत गेली. योगेंद्र स्टूल हातात धरून गाडीच्या आरशात बघत राहिला.

नाना तिच्या मागोमाग आत गेले आणि चुलीपाशी उभे राहिले. चौतीस वर्षांत घरात कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, बसत का नाहीस म्हणून. भागाबाईनं सांगितलं. पाठमोरी राहून सांगितलं, पण सगळं सांगितलं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी, परतीच्या पावसात चिखलात गाडी पडली तेव्हा डाव्या बाजूचं, बायकांनी पाय ठेवायचं फूटरेस्ट तुटलं होतं. नानांनी ते बसवून घेतलं नाही. तिथं त्यांनी लोखंडी आकडा वेल्डिंग करून घेतला, फण्यांची पिशवी अडकवायला. दसऱ्याला घरून निघताना ती बघून बसली, पण बाजारातून निघताना विसरून बसायला गेली. इतक्या वर्षांची सवय, पाय न बघता जागेवर जातो. तो गेला आकड्यावर, साडी अडकली, आणि तेवढ्यात यांनी गाडी काढली. साडी टरकन फाटली आणि ती भर बाजारात दोन्ही गुडघ्यांवर पडली. लोकांनी उठवलं. फाटलेला भाग आत खोचून ती उभी राहिली, तोवर हे आले, आणि बसायला एवढा वेळ लागतो का म्हणाले. बरं, तेही सोडलं असतं. पण मग टपरीवर हीच गोष्ट करून सांगितली, आणि रुपचंदच्या बायकोनं ती हसत हसत तिलाच येऊन ऐकवली. डावा गुडघा अजून पायरीवर धड वाकत नाही. आणि गचक्यांचं म्हणाल तर गचके तिला पहिल्यापासून लागत होते. त्याचं तिनं कधी नाव तरी काढलं होतं का?

नानांना लाज वाटली. केळ्यावरचा डाग तिसऱ्या दिवशी ओळखणाऱ्या माणसाला बायकोचा गुडघा सात महिने दिसला नव्हता.

ते तरातरा बाहेर आले, कोपऱ्यातला घण उचलला आणि गाड्यांकडे निघाले. योगेंद्र दोन्ही हात पसरून निळ्या गाडीच्या आडवा झाला. नाना त्याला वळसा घालून पुढं गेले आणि जुन्या गाडीवरचा आकडा चार घावांत तोडून टाकला. पाचवा घाव उगीचच घातला. घाम पुसून ते परत आत गेले.

"कोणती गाडी घ्याची ते आता तूच सांग, भागा."

बोलून गेल्यावर ते दचकले. तीही दचकली. दोघांनी एकदमच भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडं पाहिलं. म्हातारी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना टपरीवर गेले. कोणी न विचारता त्यांनी दसऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी आकड्यापासून फाटलेल्या साडीपर्यंत आणि गुडघ्यापर्यंत. कोणी हसलं नाही. रुपचंद बराच वेळ चहात बिस्कीट बुडवत बसला, ते विरघळलं तरी.

मग दोघं एस.टी.नं जळगावला गेली. भागाबाईनं एकही गाडी सुरू करू दिली नाही. उभ्या गाडीवर बसायची, उतरायची, परत बसायची. काळीवर बसली, करडीवर बसली. शेवटी लाल. लाल गाडी बुटकी, सीट लांबलचक आणि सपाट, डाव्या बाजूला फूटरेस्ट हातभर रुंद, धरायला मागं दांडी. भागाबाई बसली, पदर नीट केला आणि उतरलीच नाही.

"काकू, ह्याच गाडीवर केळी सगळ्यात जास्त काळी पडली होती," योगेंद्र प्रामाणिकपणे म्हणाला. इतक्या दिवसांत त्यालाही केळ्यांची माया जडली होती.

भागाबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. नाना म्हणाले, लिहा साहेब, लाल लिहा.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं निघाली. लग्नघरी द्यायला नानांनी स्वतः निवडलेली पिकली केळी होती, वाळल्या पानांत गुंडाळून पिशवीत भरलेली, ती पुढं टाकीवर ठेवली. त्यांच्या हातच्या केळ्याला आजवर कोणी नाव ठेवलेलं नव्हतं. गावातून जाताना भागाबाई ताठ बसली होती, ओळखदेख नसल्यासारखी. वेस मागं पडली. पदर सैल झाला. नानांनी आरशात पाहिलं. जरा वेळानं उजव्या कानाशी आवाज आला.

सात महिन्यांचं साठलेलं होतं. तिनं दसऱ्यानंतरच्या दिवसापासून सुरुवात केली आणि एकही दिवस सोडला नाही. सावदा गेलं, फैजपूर गेलं, दिवाळी चाललेली. कोणी काय फराळ पाठवला, पुण्याच्या सुनेनं फोनवर काय सांगितलं, धाकट्या जावेचं पोट कसं दुखतं आणि ती डॉक्टरला का दाखवत नाही. मध्येच गवारीचा विषय निघाला तेव्हा दोघंही इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. बाकी गाडी गचके देत होती, बेदम देत होती. एरवी प्रत्येक खड्ड्याला मनातल्या मनात पाया पडणारे नाना खड्ड्यातून सरळ जात होते, कारण त्यांचं सगळं लक्ष उजव्या कानात होतं. तापीचा पूल आला तेव्हा भागाबाई अजून मार्गशीर्षातच होती.

वरणगावला मांडवात साडूंनी पिशवी उघडली. आतल्या केळ्यांचा चेंदा झाला होता. जी आख्खी होती ती काळी पडली होती. पाहुणे गोळा झाले. साडू पिशवीत बघत राहिले आणि मग म्हणाले, अहो नाना, तुमच्या हातची केळी आणि अशी?

नानांनी मागं वळून पाहिलं. भागाबाई उतरत होती. तिनं खाली न बघता पाय टाकला, तो बरोबर फूटरेस्टवर पडला, आणि ती सावकाश जमिनीवर आली.

"शिकरण करा," नाना म्हणाले.

भागाबाईची बहीण तिला आत न्यायला आली होती, मागं घरातल्या चार बायका उभ्या होत्या. नानांनी चावी खिशात घातली आणि सगळ्यांच्या देखत, गाडीवर बोलतात त्या आवाजात विचारलं, "बोलता बोलता कुठलोग आलो होतो आपण?"

"संक्रांतलोंग," भागाबाई म्हणाली आणि पदर सावरला.

"मंग राह्यलेलं येताना सांग, भागा."